'इंडियन हॉर्स' : तो बर्फ शाळेच्या आवारातच होता

पाणकणीस

(या धाग्यात कादंबरीचा शेवट उघड होणार आहे. वाचायची असेल तर आधी वाचून या, धागा कुठे जात नाही.)

रिचर्ड वागामीस यांची 'इंडियन हॉर्स' (२०१२) दुसऱ्यांदा वाचून संपवली. पहिल्या वाचनात बर्फावरच्या हॉकीची पानं इतकी अंगात भिनली होती की एक साधी गोष्ट नजरेतून निसटली. ती आता हाताला लागली आहे आणि चार दिवस डोक्यातून जात नाही, म्हणून इथे लिहितो आहे.

ज्यांना विषय नवा आहे त्यांच्यासाठी आधी थोडं. कॅनडात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून थेट १९९० च्या दशकापर्यंत मूलनिवासी मुलांसाठी निवासी शाळा होत्या. पैसा सरकारचा, कारभार चर्चचा. सुमारे दीड लाख मुलं या शाळांतून गेली. १९२० साली कायद्यात बदल करून मुलांना पाठवणं सक्तीचं झालं. मुलांचे केस कापायचे, नावं बदलायची, घरची भाषा तोंडातून निघाली तर मारायचं. २००८ मध्ये पंतप्रधान स्टीफन हार्पर यांनी संसदेत माफी मागितली. या शाळांची चौकशी करणाऱ्या सत्य आणि सलोखा आयोगाने हजारो माणसांच्या साक्षी नोंदवल्या आणि २०१५ च्या अहवालात या सगळ्याला 'सांस्कृतिक वंशसंहार' म्हटलं.

कादंबरीतली सेंट जेरोम ही शाळा काल्पनिक आहे. ती ज्या गावाजवळ आहे ते व्हाइट रिव्हर मात्र खरं आहे, उत्तर ऑन्टारिओत. नायक सॉल इंडियन हॉर्स हा ओजिब्वे या मूलनिवासी जमातीचा. दारूने पोखरलेला सॉल व्यसनमुक्ती केंद्रात आहे. तिथे सगळ्यांसमोर त्याला बोलता येत नाही, म्हणून तो लिहायला बसतो. आपण वाचतो ते हे लिखाण.

सुरुवातीची पानं पाण्याची आहेत. विनिपेग नदी, तिच्या काठाने शाळेच्या माणसांपासून पोरं लपवत फिरणारं कुटुंब, आणि मग गॉड्स लेक. हे तळं त्यांच्या घराण्याचं. आजी नेओमी सगळ्यांना तिथे घेऊन जाते. होडीत बसून पाण्यात उगवणारं रानटी धान्य काठीने झोडून गोळा करतात, ते वर्णन वाचताना आपल्याही हातांना हालचाल जाणवते. वागामीस इथे घाई करत नाहीत. वाक्यं लांब आहेत, झाडांना नावं आहेत, खडकाला गोष्ट आहे. मुलाला आपण कोण हे कुणी समोर बसवून शिकवत नाही, जागाच त्याला ते सांगत असते.

मग भाऊ बेन क्षयाने जातो. त्याचं प्रेत घेऊन आईवडील निघून जातात ते परत येत नाहीत. बर्फ पडायला लागतं. आजी नातवाला घेऊन होडीने, मग पायी मिनाकीच्या रेल्वे स्टेशनपर्यंत येते आणि फलाटावर त्याला मिठीत घेऊन, स्वतःच्या अंगाचा आडोसा करून गोठून मरते. तिथून त्याला उचलतात ते थेट शाळेत.

शाळेत भाषाच बदलते. वाक्यं आखूड होतात. कुठल्या मुलाचं काय झालं ते एकेका ओळीत येतं आणि लेखक पुढे जातो. झाडांची नावं गेली, ऋतूही जवळजवळ गेले. भिंती, जिने आणि तळघरातली शिक्षेची खोली एवढंच उरतं. आणि मग तिथे एक तरुण पाद्री येतो, फादर लेबुटिलिए, तो हॉकी आणतो. सॉल वयाने लहान, त्याला खेळायची परवानगी नाही. तो रिंक, म्हणजे खेळायचं बर्फाचं मैदान, साफ करायचं काम मागून घेतो. पहाटे, सगळी शाळा झोपलेली असताना, घोड्याच्या गोठलेल्या लिदेचे गोळे पक (या हॉकीतली चेंडूऐवजीची चकती) म्हणून वापरत तो एकटा शिकतो. आणि वाक्यं पुन्हा लांब होतात! तळ्याकाठी होती तशीच. त्याला खेळ आधीच दिसतो, पक कुठे जाणार ते दिसतं. पणजोबांची दृष्टी त्याच्यात उतरली आहे असं आपल्याला वाटतं आणि आपण सुटकेचा श्वास घेतो. पोराला एक मोकळी जागा मिळाली.

हीच ती चूक. रिंक शाळेच्या आवारात आहे. पहाटेच्या त्या बर्फाची परवानगी ज्याने दिली तोच माणूस त्या मुलावर अत्याचार करत होता. हे आपल्याला कळतं अगदी शेवटाकडे, प्रौढ सॉल पडक्या शाळेपाशी परत जातो तेव्हा. तोवर त्यालाही ते स्वतःशी आठवायचं नव्हतं. लेखकाने आपल्यापासून काही लपवलं नव्हतं. जागा पहिल्यापासून समोर होती आणि आपण बर्फाच्या शुभ्रपणाकडे बघत राहिलो. सॉलने जसं स्वतःला फसवलं, अगदी तसंच आपल्याला फसू दिलंय. हे दुसऱ्या कुठल्याही स्थळी घडवता आलं असतं असं मला वाटत नाही. रिंक गावात असतं तर ही कादंबरी वेगळी झाली असती.

तुम्हाला काय वाटतं?

मेपलछाया

छान लिहिलंत. आम्ही ऑन्टारिओतल्या थंडर बेमध्ये बारा वर्षं राहतोय, म्हणून नकाशाबद्दल थोडं सांगते, कारण भारतात बसून वाचताना अंतरं लक्षात येत नाहीत.

व्हाइट रिव्हर आमच्या हायवेवर लागतं. पेट्रोल भरायला सगळे तिथे थांबतात. गावात 'विनी द पू'चा पुतळा आहे, कारण १९१४ साली एका लष्करी अधिकाऱ्याने तिथल्या स्टेशनवर अस्वलाचं पिल्लू २० डॉलरला विकत घेतलं होतं आणि पुढे त्या पिल्लाच्याच नावावरून ती मुलांची गोष्ट झाली. मुलीला घेऊन मी त्या पुतळ्यासमोर फोटो काढलाय. नंतर 'इंडियन हॉर्स' वाचली आणि तो फोटो बघवेना. पुतळ्याचा काही दोष नाही. पण लेखकाने हेच गाव निवडलं, आणि मी तिथून इतक्या वेळा गेले तरी माझ्या डोळ्यांना फक्त अस्वल दिसलं होतं.

मिनाकी तिथून शेकडो किलोमीटर पश्चिमेला, मॅनिटोबाच्या सीमेजवळ. आणि मिनाकीबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. मिनाकी, रेडिट, फार्लेन ही एकाच रेल्वेमार्गावरची ठिकाणं. १९६६ च्या ऑक्टोबरमध्ये चेनी वेन्जॅक नावाचा १२ वर्षांचा ओजिब्वे मुलगा केनोराच्या निवासी शाळेतून पळाला. घर ओगोकी पोस्टला, साधारण ६०० किलोमीटरवर. ते किती लांब आहे हे त्याला माहीत नव्हतं. रुळांच्या कडेने गेलं की घर येईल एवढंच ठाऊक. अंगात पातळ सुती जाकीट, खिशात काचेच्या बरणीत काही काड्या. तो फार्लेनजवळ रुळांशेजारी मेलेला सापडला.

त्यामुळे आजीचा मृत्यू मिनाकीच्या फलाटावर होतो ते मला साधं कथानकाचं वळण वाटत नाही. इकडच्या वाचकाला त्या रुळांवर दुसरं मूल दिसतंच. कादंबरीत चेनीचं नावही नाही, त्याची गरजही नाही.

तिसरा_मजला

लेख आवडला, रिंकचा मुद्दा तर फारच. पण माझी एक अडचण आहे आणि ती मनापासून आहे.

शेवटी सॉल गॉड्स लेकला परत जातो, पूर्वज दिसतात, तो रडतो आणि बरा व्हायला लागतो. रान म्हणजे औषध, शाळा म्हणजे विष, शहर म्हणजे अपमान. ही वाटणी मला फार सोयीची वाटते. ज्यांचं तळं धरणाखाली गेलं, ज्यांच्या गावात आता कुणी ओळखत नाही, त्यांनी कुठे परत जायचं?

म्हणून मला मिशेल गुड यांची 'फाइव्ह लिटल इंडियन्स' (२०२०) जास्त खरी वाटली. शाळा ब्रिटिश कोलंबियाच्या किनाऱ्यावर, इतकी एकाकी की केनी हा मुलगा होडीतून पळतो. पण शाळेचा भाग पुस्तकात थोडाच आहे. बाकीचं पुस्तक घडतं व्हँकुव्हरमध्ये, डाउनटाउन ईस्टसाइडच्या स्वस्त खोल्यांत. सोळा वर्षांची झाली म्हणून लूसी या मुलीला बसमध्ये बसवून शहरात पाठवून देतात, झालं शिक्षण. बसस्टँडवर उतरल्यावर कुठे जायचं? पैसे कसे वापरायचे? माणूस चांगला की वाईट कसं ओळखायचं? शाळेने यातलं काही शिकवलं नाही. शहर मुद्दाम कुणावर डूख धरत नाही. ते फक्त कुणासाठी थांबत नाही, आणि या मुलांना मारायला तेवढं पुरतं.

गुड यांची आई निवासी शाळेत होती आणि त्या स्वतः वकील म्हणून या शाळांतून आलेल्यांसाठी लढल्या आहेत. त्या खोल्यांमधली माहिती कुणीतरी समोर बसून सांगितलेली आहे हे वाचताना जाणवतं.

पाणकणीस

@तिसरा_मजला, मुद्दा मान्य, अर्धा. अर्धा का, ते सांगतो.

सॉल तळ्यावर राहत नाही, हे विसरू नका. तो तिथे जातो, जे बघायचं ते बघतो, आणि परत माणसांत येतो, आधी केंद्रात, मग मॅनिटूवाजला. ते खाणीचं गाव आहे, रमणीय रान नाही. केली कुटुंब त्याला शाळेतून तिथे घेऊन आलं होतं, आणि फ्रेड व मार्था केली दोघंही त्याच शाळेतून गेलेले. म्हणजे तळं त्याला आठवण देतं, घर मात्र त्याच जखमेची माणसं देतात.

शहराबद्दल तुमचं खरं आहे. टोरांटोचा भाग या पुस्तकात फार पटकन संपतो. मोठा संघ, मोठं मैदान, प्रेक्षक बर्फावर प्लास्टिकच्या 'इंडियन', म्हणजे मूलनिवासी माणसांच्या, बाहुल्या फेकतात, वर्तमानपत्रं त्याच्या प्रत्येक गोलावर रानटी उपमा चढवतात. पण टोरांटो शहर म्हणून काही दिसत नाही. मला ती उणीव वाटते. तिथे 'फाइव्ह लिटल इंडियन्स' पुढे आहे.

छोट्या गावांचं मात्र वागामीस यांना नेमकं जमलंय. चॅपलोच्या कॅफेतला प्रसंग घ्या. सामना जिंकून पोरं जेवायला बसतात आणि गावातले पुरुष एकेकाला मागे नेऊन मारतात. सगळं शांतपणे, रांगेने. कॅफेत टेबलं, काउंटर, खाणारी माणसं तशीच. मला तो प्रसंग शाळेच्या तळघरापेक्षा भयाण वाटला, कारण ही जागा सगळ्यांसाठी उघडी आहे आणि तरीही कुणी उठत नाही.

शब्दवेडी

दोन शब्दांबद्दल बोलू का?

पहिला 'मनोमिन', म्हणजे ते पाण्यातलं धान्य. इंग्रजीत त्याला 'वाइल्ड राइस' म्हणतात, म्हणून मराठीत 'रानटी तांदूळ' लिहायचा मोह होतो, पण ते आपल्या भातापेक्षा वेगळं गवत आहे. वाचताना मला मात्र आईचं ऋषिपंचमीचं देवभात आठवलं. तेही पाणथळीत आपोआप उगवणारं, आणि त्या दिवशी बैलाच्या कष्टाचं काही खायचं नाही म्हणून मुद्दाम ते शोधून आणायचं. वनस्पती वेगळ्या, माणसं वेगळी, पण 'पेरलं नाही, तरी आपल्याला दिलं गेलं' ही भावना ओळखीची होती. गॉड्स लेकचं ते प्रकरण मला त्यामुळे परकं वाटलंच नाही. आजी धान्याआधी प्रार्थना करते, मग काठी हातात घेते, हा क्रम मी लहानपणी पाहिलेला आहे.

दुसरा शब्द 'सर्व्हायव्हर', या शाळांतून गेलेली माणसं स्वतःला म्हणतात तो. आपण 'पीडित' लिहितो, ते चुकतं, त्या लोकांनी स्वतःसाठी तो शब्द निवडलेला नाही. 'वाचलेले' म्हणावं तर आपल्याकडे त्याच क्रियापदाने पुस्तकही वाचतात. मी भाषांतराच्या एका छोट्या कामात 'शाळेतून वाचलेली माणसं' असं लिहिलं होतं आणि संपादकांनी 'शाळेत शिकलेली' असं दुरुस्त करून पाठवलं. एका शब्दात सगळं उलटं झालं. मी ते परत बदलून घेतलं, बराच वाद घालून.

डोंगरवाट

धागा दोनदा वाचला. लिहावं की नाही असं वाटत होतं.

मी पालघर जिल्ह्यातल्या एका आश्रमशाळेत नऊ वर्षं शिकवलं. तुलना करायची नाहीये, ते आधीच सांगतो. आमच्याकडे पोलीस पाठवून पोरं उचलली नाहीत, पालक स्वतः नाव घालायला आले, दिवाळीला आणि मे महिन्यात पोरं घरी जातात. ओजिब्वे आईबापांच्या हातात हे काहीच नव्हतं. हा फरक लहान नाही.

पण कादंबरीत एक जागा आहे, ओढ्याची. शाळेजवळच्या ओढ्यात मुलं हातांनी मासे धरतात. रात्री झोपताना तळहात नाकाशी धरून तो वास घेत रडतात. घर त्यांना तेवढंच उरलेलं असतं, हाताला लागलेला वास.

ते वाचून मी पुस्तक खाली ठेवलं. माझ्या वर्गात पहिलीत एक वारली मुलगा होता. त्याला मराठी येत नव्हती, मला वारली येत नव्हती, पहिले तीन महिने तो बोललाच नाही. घरून आणलेली गोधडी तो कुणाला हात लावू देत नसे. तिला चुलीचा धूर लागलेला होता. वसतिगृहाच्या स्वच्छतेच्या दिवशी आम्ही ती धुतली. मीच सांगितलं होतं धुवायला. त्या संध्याकाळी तो डोंगर ओलांडून घरी निघाला, चौदा किलोमीटर, भाद्रपदातल्या चिखलातून. सुखरूप पोचला. मी तेव्हा अहवालात 'विद्यार्थ्यास शाळेची गोडी नाही' असं लिहिलं.

आज ते वाक्य मला परत घ्यायचं आहे, एवढ्यासाठी लिहिलं.

मेपलछाया

डोंगरवाट, तुम्ही लिहिलंत ते बरं केलंत. धन्यवाद.

आयोगाच्या साक्षींमध्येही हेच वारंवार येतं, कपडे काढून घेतले, आईने शिवलेलं काहीतरी जाळलं. इतक्या वर्षांनी माणसं त्या कपड्याचं वर्णन करतात.

सायंतारा

एक शंका. वागामीस स्वतः अशा शाळेत होते का? मग हे सगळं इतकं जवळून कसं लिहिलं?

पाणकणीस

नव्हते. त्यांचे आईवडील आणि घरातली मोठी माणसं होती. ते स्वतः १९५५ चे, वाबासीमूंग या वायव्य ऑन्टारिओतल्या ओजिब्वे वस्तीचे. लहानपणीच त्यांना घरापासून तोडून पालकगृहांत आणि मग दत्तक घरात ठेवलं गेलं. मूलनिवासी मुलं काढून गोऱ्या घरांत देण्याचा तो काळ. आपल्या लोकांशी त्यांची पुन्हा भेट झाली ती विशी उलटल्यावर. २०१७ मध्ये ते गेले.

मला वाटतं म्हणूनच तळ्याची पानं इतकी तपशीलवार आहेत. ज्याला ते सगळं बालपणात आपोआप मिळालं असतं तो कदाचित इतकं थांबून लिहीत नाही. त्यांना मोठेपणी एकेक गोष्ट विचारून, बघून, शिकून घ्यावी लागली होती.

मेपलछाया

वाबासीमूंगबद्दल आणखी एक. 'रान म्हणजे औषध' या @तिसरा_मजला यांच्या मुद्द्याशी त्याचा संबंध आहे.

ही वस्ती आणि शेजारची ग्रासी नॅरोज, दोन्ही इंग्लिश-वाबिगून नदीच्या पाण्यावर जगणाऱ्या. १९६२ ते १९७० या काळात वरच्या बाजूला ड्रायडेनच्या कागद गिरणीच्या रासायनिक कारखान्याने जवळजवळ ९,००० किलो पारा नदीत सोडला. मासे विषारी झाले, माणसं पाऱ्याच्या विषबाधेने होणाऱ्या मिनामाटा रोगाने आजारी पडली, आणि त्याचे परिणाम आजही चालू आहेत. म्हणजे सॉल शाळेत आणि बर्फावर होता नेमक्या त्याच वर्षांत लेखकाच्या गावचं पाणी नासत होतं. कादंबरीत हे नाही. पण गॉड्स लेकचं ते निर्मळ पाणी वाचताना, लिहिणारा माणूस कुठला होता हे मला विसरता येत नाही. मला ते भाबडं वाटत नाही. काय गेलं याची ती नोंद आहे.

तिसरा_मजला

हे मला माहीत नव्हतं. मग माझं वाक्य बदलतो. 'सोयीची वाटणी' हा शब्द मागे घेतो. तरी व्हँकुव्हरच्या त्या खोल्यांबद्दलचं म्हणणं कायम आहे. केनीला परत जायला आई आहे, गाव आहे, पण तो पोचतो तेव्हा ती आई उरलेली नसते, दारूने आणि वाट बघण्याने संपलेली असते. तिथे गाव बरं करत नाही. दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवून वाचावीत असं आता म्हणेन.

@पाणकणीस, शेवटच्या रिंकबद्दल तुम्ही काहीच लिहिलं नाहीत.

पाणकणीस

मुद्दाम नव्हतं, राहून गेलं.

शेवटी सॉल मॅनिटूवाजला येतो. रिंक वस्तीचं आहे. वस्तीतल्या माणसांनी थंडीत पाणी ओतून केलेलं, कुणा पाद्र्याच्या परवानगीचं नाही. तो एकटा बर्फावर उतरतो, पहाटेच्या रिंकसारखाच एकटा, आणि लेखक तुम्हाला क्षणभर तिकडे परत नेतो. मग वस्तीतली माणसं स्टिका घेऊन यायला लागतात. लहान पोरं, बायका, म्हातारे. इतके जण की कोणाचा संघ कुठला ते ठरवता येत नाही. प्रतिस्पर्धी कुणीच नाही.

आधीच्या प्रत्येक रिंकवर कडेला कुणीतरी बघणारं होतं. पाद्री, गावकरी, टोरांटोचे प्रेक्षक, पत्रकार. इथे कडेला कुणी उरत नाही, सगळे बर्फावरच असतात.